तुम्ही त्यांच्या कोण?

ऑपरेटरबाईंना हे नाव केंद्रातल्या लोकांनी दिलं होतं, त्यांच्या जुन्या नोकरीवरून. बावीस वर्षं त्या एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. बाहेरून आलेला फोन आत कुणाला जोडायचा, साहेब जागेवर असूनही नाहीत असं कुणाला सांगायचं, कोण खोटं बोलतंय आणि कोण आत्ताच रडून आलंय, हे त्यांना पहिल्या दोन शब्दांत कळायचं. मग आजार आला. डॉक्टरांनी त्याला बायपोलर म्हटलं. भावाने काहीच म्हटलं नाही, पण त्याच्या घरात तेव्हापासून बाईंच्या हातात फोन दिसला की सगळे दचकायला लागले.

त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी बाई अकरा दिवस झोपल्या नव्हत्या आणि त्या अकरा दिवसांत त्यांनी कारखान्याच्या डिरेक्टरीतल्या यच्चयावत माणसांना फोन केले होते. निवृत्त झालेल्यांना, त्यांच्या सासुरवाडीला, एका शाळेला आणि अग्निशमन दलाला तीनदा. सगळ्यांना आनंदाची बातमी द्यायची होती. बातमी काय, ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. पुढचा महिनाभर भाऊ लोकांची माफी मागत फिरला. नोकरी गेली, तीन आठवडे दवाखान्यात गेले, मग लिथियम सुरू झालं. तेव्हापासून गाडी रुळावर होती. सात वर्षांत बाईंनी एकही गोळी चुकवली नव्हती.

केंद्र म्हणजे एका जुन्या बँकेच्या वरचा मोठा हॉल. मनाच्या आजारातून सावरणारी चौदा माणसं तिथे रोज साडेनऊला यायची आणि औषधांच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं करायची. बाईंच्या टेबलावर मास्तर बसत. ते एके काळी शाळेत गणित शिकवायचे. मग स्किझोफ्रेनियाने त्यांना घेरलं, शाळा सुटली, बायको माहेरी गेली ती गेलीच. मास्तर घडी घालायचे, बाई खळ लावून चिकटवायच्या. दोघांत फारसं बोलणं नव्हतं. शंभर पाकिटं झाली की मास्तर म्हणायचे, “झाले शंभर,” आणि बाई गठ्ठा बांधायच्या. अकराला चहा यायचा. मास्तर आपल्या कपातला चहा पिण्याआधी बाईंच्या कपाकडे बघायचे, त्यांनी एक घोट घेतला की मग स्वतः प्यायचे. सहा वर्षं असं चाललं होतं. याला काय म्हणायचं असतं, हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीही ठरवलं नव्हतं.

साथ आली आणि केंद्र बंद झालं. केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, दोन आठवडे. दोन आठवड्यांचे सहा झाले.

भाऊ पाणीखात्यात होता, त्याला पास मिळाला. तो रोज बाहेर जायचा आणि आल्यावर दारातच कपडे बदलायचा. भावजयीचं विमा कंपनीचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. भाचीची शाळा आतल्या खोलीत, बाईंच्याच फोनवर भरू लागली, कारण तिचा स्वतःचा फोन अजून घ्यायचा होता. बाईंच्या वाट्याला बाहेरच्या खोलीतली कॉट आणि तिच्याशेजारून ये-जा करणाऱ्यांचे पाय एवढंच राहिलं. सगळं जग घरी बसून वैतागलं होतं, आणि बाईंना मात्र त्याची सवय असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भाऊ एकदा हसत म्हणालाही, “तुला काय गं ताई, तुला सवयच आहे.” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं त्या रोज सकाळी साडेआठला वेणी घालून घराबाहेर पडत होत्या, ते घरी बसण्याची सवय लागू नये म्हणूनच. पण आवाज चढवून चालणार नव्हतं. त्यांचा आवाज चढला की घरात त्याचा वेगळा अर्थ व्हायचा.

दुसऱ्या आठवड्यात केंद्राच्या मॅडमचा फोन आला. सगळे आपापल्या घरात कोंडले गेलेत, म्हणाल्या, तुम्हाला फोनची सवय आहे, रोज सगळ्यांना एकेक फोन कराल का? बाईंनी जुन्या पाकिटाच्या कागदावर तेरा नंबर लिहून घेतले. कित्येक वर्षांनी कुणी त्यांना काम सांगितलं होतं, आणि तेही त्यांच्या हातातलं.

अकराला भाचीच्या तासांना मधली सुट्टी असायची. त्या अर्ध्या-पाऊण तासात बाई यादी उरकायच्या. फोन लावला की आधी सरकारी सूचना वाजायची: खोकल्याची उबळ, मग एक बाई घरात राहा, अंतर ठेवा असं सांगायची. मग रिंग. एक जण फोन उचलून तसाच टेबलावर ठेवायचा आणि टीव्ही बघत राहायचा. बाई त्याच्याबरोबर दोन मिनिटं बातम्या ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या. एका मुलीची आई कायम सांगायची, ती झोपलीये. दोन घरांनी पुन्हा फोन करू नका म्हणून सांगितलं. सुनेला अजून आजाराचं माहीत नाही, त्यातल्या एका घरातली आई म्हणाली. मास्तर मात्र दुसऱ्या रिंगला उचलायचे. जेवलात का, गोळ्या आहेत का, या दोन प्रश्नांना “हो” आणि “आहेत” अशी उत्तरं द्यायचे, आणि मग आज खोलीत किती फेऱ्या मारल्या तो आकडा सांगायचे. आकडा नेहमी सम असायचा.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, मास्तरांनी फोन उचलला नाही. बाईंनी पुन्हा लावला, रिंग शेवटपर्यंत वाजली. बुधवारी तेच. रिंग मधेच कापली तर पलीकडे माणूस आहे एवढं तरी कळतं, पण शेवटपर्यंत वाजणाऱ्या रिंगचा बोर्डावर असतानाही त्यांना धसका असायचा. गुरुवारी फोन बंदच लागला.

त्यांनी मॅडमना फोन केला. मॅडमच्या नवऱ्याने उचलला. मॅडमना साथीने गाठलं होतं, त्या ऑक्सिजनवर होत्या, त्याला पुढे बोलवेना. बाईंनी मास्तरांच्या बहिणीचा नंबर मिळवला. ती दुसऱ्या गावात राहायची, भावाच्या खोलीचं भाडं तीच भरायची. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, तो असाच आहे, दोन वर्षांपूर्वीही आठवडाभर फोन बंद करून बसला होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मग बाईंनी साथीसाठी काढलेल्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक दाबा, चार दाबा, थांबा, असं करत वीस मिनिटांनी एक तरुण आवाज आला.

“पेशंटचं आणि तुमचं नातं?”

“नातं नाही. आम्ही एका टेबलावर काम करतो.”

“म्हणजे सहकारी. कुठल्या ऑफिसात?”

बाईंनी केंद्राचं नाव सांगितलं. पलीकडची टाइप करायची टकटक थांबली.

“मॅडम, तुम्ही तिथे काम करता की उपचार घेता?”

“दोन्ही.”

त्यानंतर तो लहान मुलाशी बोलतात तसं सावकाश बोलायला लागला. त्याने विचारलं, घरी कोणी मोठं माणूस आहे का. बाई म्हणाल्या, मी त्रेपन्न वर्षांची आहे. तसं नाही मॅडम, असं म्हणून त्याने सांगितलं की नोंद घेतली आहे. बाईंनी स्वतः बावीस वर्षं हजारो लोकांना “नोंद घेतली आहे” म्हणून वाटेला लावलं होतं. त्या वाक्याची किंमत त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

भावाला त्यांनी बुधवारी सकाळी सांगितलं होतं, बुधवारी संध्याकाळी सांगितलं होतं, गुरुवारी सकाळी तो हेल्मेट घालत असताना सांगितलं होतं. तुझ्याकडे पास आहे, स्कूटर आहे, त्यांची खोली चार किलोमीटरवर आहे, नुसतं दार वाजवून ये. तो दर वेळी बघू म्हणाला. गुरुवारी संध्याकाळी चौथ्यांदा सांगितलं तेव्हा तो बेसिनवर हात धूत होता. हात धुता धुता त्याने विचारलं, “आज किती फोन केलेस?”

“बावीस,” बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

भावाने भावजयीकडे पाहिलं आणि भावजयीने भावाकडे. ती नजर बाईंच्या पाठ होती. त्या नजरेनंतर आपण काय म्हणतो ते कुणी ऐकत नाही, आपण ते कसं म्हणतो तेवढंच बघतात, हेही त्यांना पाठ होतं. म्हणून त्या मुद्दाम हळू बोलल्या. मग त्यांना वाटलं, इतकं हळू बोलणंही विचित्र दिसत असेल. त्यांनी मनातल्या मनात स्वतःची झडती घेतली. काल सहा तास झोप झाली होती. जेवण नेहमीचं होतं. आणि मुख्य म्हणजे, आजार चढायला लागला की जग कसं लख्ख दिसायचं, रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा जिवाभावाचा वाटायचा. आत्ता काहीच लख्ख नव्हतं. जिवाभावाचं तर कुणीच वाटत नव्हतं. नुसता राग होता, आणि एका माणसाचा फोन लागत नव्हता.

भावाने त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण त्या दिवशी ते सकाळपासून फोनवरूनच रोगी तपासत होते. झोप किती, विचार भरभर येतात का, नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतंय का. बाईंच्या आधी भाऊच उत्तरं देत होता. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, “चिडचिड वाढली आहे का?”

यावर काय सांगायचं? हो म्हटलं तर आजार. नाही म्हटलं तर थाप, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होती.

“वाढली आहे,” बाई म्हणाल्या. “कारण दोन दिवस मी एकच गोष्ट सांगतेय आणि तुम्ही सगळे मला माझी झोप विचारताय.”

डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी झोपेची एक जादा गोळी लिहून पाठवतो म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, गोळी घेते, पण मास्तरांकडे कुणाला तरी पाठवा. डॉक्टर म्हणाले, ते माझे पेशंट नाहीत, तरी बघू. बघू हा शब्द आता बाईंच्या कानाला चावायला लागला होता.

गोळी त्यांनी घेतली. भावजयीच्या समोर घेतली, जीभ उचलून दाखवली. घेतली नसती तर त्यांच्याच हातून त्यांची बाजू लंगडी पडली असती. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. जीभ जड झाली होती, पाय दुसऱ्याचे वाटत होते. भाऊ केव्हाच गेला होता. भावजय कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसली होती, भाची आत होती. बाईंनी मास्तरांचा पत्ता एका कागदावर लिहिला, खाली लिहिलं, ‘मास्तरांकडे जाते आहे. परत येते,’ आणि कागद भावजयीच्या कोपराशी, तिला दिसेल असा ठेवला. तोंडाला मास्क बांधला, स्वतःची औषधाची चिठ्ठी पिशवीत टाकली आणि चपला घालून बाहेर पडल्या. भावजयीने हात वर करून थांबायची खूण केली, पण तिचा साहेब बोलत होता.

रस्ते रिकामे, शटर खाली. किराणा दुकानासमोर रंगाने गोल काढलेले आणि प्रत्येक गोलात एक माणूस. गोळीच्या गुंगीत चार किलोमीटर म्हणजे काय ते बाईंना पहिल्याच चौकात कळलं. दोनदा त्या पायरी बघून बसल्या. दुसऱ्यांदा बसल्या तेव्हा वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, इथे बसू नका. मोठ्या रस्त्याला बांबूंनी अडवलं होतं आणि दोन पोलीस उभे होते.

ओळखीच्या माणसाला बघायला चालले आहे, असं बाईंनी खरं खरं सांगितलं. परत फिरा, पोलीस म्हणाला. मग त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि औषध आणायचं आहे असं सांगितलं. त्याने लांबून ती दोन बोटांत धरली, वर छापलेलं दवाखान्याचं नाव वाचलं, मग खाली वाचलं, आणि दोन पावलं मागे सरकला. साथीच्या भीतीने ठेवलं होतं त्याहून जास्त अंतर आता दोघांमध्ये पडलं. चिठ्ठी परत देत तो सोबतच्याला म्हणाला, “जाऊ दे, जाऊ दे बाईंना.” बाई गेल्या. आपल्या आजाराचा असा उपयोग त्यांनी आजवर कधी केला नव्हता. काम झालं होतं, पण पुढचा फर्लांगभर रस्ता त्यांनी मान खाली घालून काढला.

मास्तरांची खोली एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर होती, बाहेरून लोखंडी जिना. बाईंनी दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. मग दाराला तोंड लावून त्या म्हणाल्या, “मास्तर, मी ऑपरेटरबाई.”

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. “लांब उभ्या राहा.”

बाई जिन्यावरच बसल्या. माणूस होता. त्यांनी विचारलं, फोन का बंद केलात. मास्तर म्हणाले, तिनं सांगितलं म्हणून. ती कोण, बाईंनी विचारलं. मास्तर गणित समजावून सांगावं तसं एकेक पायरी सांगायला लागले.

“तुम्हाला फोन लावला की आधी ती येते. खोकते. मग सांगते, घराबाहेर पडू नका, कुणाच्या जवळ जाऊ नका. गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार मी लावला, चारही दिवस आधी तीच. आणि नंतर फोन व्यस्त. मग मी तिचं ऐकलं.”

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मास्तर त्यांना फोन करत होते. चार दिवस करत होते, आणि फोन भाचीच्या तासात अडकलेला होता. आणि ती सूचना, जिच्याकडे सगळं जग कानाडोळा करत होतं, ती या माणसाने एकट्याने मनावर घेतली होती.

“मास्तर, ती टेप आहे,” त्या म्हणाल्या. “सरकारने लावलीये. सगळ्यांनाच ऐकू येते.”

“आधी म्हणायचे, आवाज तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहे,” मास्तर म्हणाले. “आता म्हणतात, सगळ्यांना ऐकू येतो. तुम्ही एकदा काय ते ठरवा.”

बाईंनी गोळ्यांचं विचारलं. गोळ्या अठरा दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. फोनवर ते रोज “आहेत” म्हणत होते, कारण रिकाम्या पट्ट्या खरोखरच होत्या. औषधवाल्याने नवी चिठ्ठी मागितली, दवाखान्यातला विभाग बंद, वेळ फोनवर घ्यायची, आणि फोन लावला की तीच खोकणारी बाई. तीन दिवस ते बिस्किटांवर होते, गेले दोन दिवस नळाच्या पाण्यावर. जिना उतरायचा म्हणजे माणसांच्या जवळ जायचं.

बाई दार उघडा म्हणून सांगत राहिल्या, मास्तर अंतर ठेवा म्हणून सांगत राहिले. असा तास गेला. मग खाली स्कूटर थांबली आणि भाऊ तो कागद हातात घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

“तुला काही समजतं का ताई? सगळं घर हवालदिल झालंय.”

परका पुरुषी आवाज ऐकून आत काहीतरी धाडकन पडलं आणि मास्तर गप्प झाले. भावाने बंद दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. “आहे ना आत? जिवंत आहे ना? मग चल आता.”

बाई उठल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, त्याच मदत क्रमांकावर तू फोन कर. मी काल केला होता. भाऊ कुरकुरला, पण त्याने लावला. “मी पाणीखात्यातून बोलतोय,” असं म्हणाला आणि बाकी तेच सांगितलं जे बाईंनी सांगितलं होतं. कुणी त्याला नातं विचारलं नाही. सव्वा तासात गाडी आली.

गाडीतून उतरलेले दोघे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात होते. डोळ्यांच्या जागी काच, तोंडाच्या जागी काही नाही. बाईंनी त्यांना हात जोडून सांगितलं, आधी तुमचं नाव सांगा, सावकाश बोला, ते घाबरतील. पोशाखातून त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी दोनदा दार ठोठावलं आणि मग कडी उखडली. मास्तर कोपऱ्यात पाठ लावून उभे होते. दाढी वाढलेली, सदरा गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ते ओरडले नाहीत, मारामारी केली नाही. चादरीत गुंडाळून जिन्यावरून खाली नेताना त्यांनी फक्त बाईंकडे पाहिलं, आणि ती नजर बाईंना अजिबात सोसली नाही.

घरी आल्यावर भावजयीने सगळा पाढा वाचला. मास्क कुठला, कशाला हात लावला, मुलगी आहे घरात, आणि मीटिंगमध्ये मला किती बोलणी खावी लागली. तिचं सगळंच चूक नव्हतं. बाईंना चौदा दिवस मागच्या छोट्या खोलीत ठेवलं. ताट दाराशी यायचं, भाची दाराबाहेरून “आत्या, ठेवलंय गं” म्हणून पळायची. जादा गोळी चालूच होती, आणि दोन आठवडे उलटल्यावरही ती कुणी बंद केली नाही. हात थरथरायला लागले, वाटी धरताना आमटी सांडायची. आपण घरातून पळालो नव्हतो, सांगून गेलो होतो, आणि ज्यासाठी गेलो होतो ते खरं निघालं होतं, हे बाईंनी भावाला दारातून दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, हो गं, पण तू दगदग करून घेऊ नकोस.

मास्तरांना ठेवलेल्या वॉर्डात भेटायला बंदी आणि फोनलाही. बाईंनी दवाखान्यात फोन करून चौकशी केली की तिकडची बाई विचारायची, तुम्ही त्यांच्या कोण? एकदा वैतागून बाई म्हणाल्या, मी त्यांची पाकिटं चिकटवते. पलीकडून फोन ठेवून दिला.

पाच आठवड्यांनी मास्तर सुटून खोलीवर आले. बहिणीने नवी कडी बसवून दिली होती. बाईंनी अकराला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला.

“तुम्ही त्यांना घेऊन आलात,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही उपाशी होतात, मास्तर. गोळ्या नव्हत्या.”

“मी लांब बसलो होतो. कुणाला त्रास दिला नव्हता. त्यांनी मला बांधलं दोन दिवस.”

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर फोन ठेवला गेला होता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, पण डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, कारण न जेवण्याचंही घरात काहीतरी झालं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. मास्तरांनी उचलला, ऐकलं, बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही तसंच. बाई रोज दोन प्रश्न विचारायच्या आणि थोडं थांबून स्वतःच फोन ठेवायच्या.

पावसाळा सरता सरता दवाखान्याचे बाह्यरुग्ण विभाग उघडले. भाऊ बाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेला. मधे काचेचा पडदा, खुर्च्या लांब लांब. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि पान उलटं असलं तरी बाईंना वाचता आलं, कारण बोर्डावर बसणाऱ्याला समोरच्या टेबलावरचं उलटं वाचायची सवय असते. तारखेपुढे लिहिलं होतं, सौम्य झटका, अतिरेकी फोन, घरातून निघून गेल्या.

“हे खोडा,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. बाईंनी पुन्हा सांगितलं, हात थरथरत होते म्हणून ते मांडीवर घट्ट दाबून. त्या दिवशी मला काही झालेलं नव्हतं. मास्तरांचा फोन लागत नव्हता आणि ते उपाशी होते. मी पत्ता लिहून गेले होते. डॉक्टरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की फाइलमधलं खोडता येत नाही, नियम आहे, आणि अशा वेळी पेशंटला स्वतःला ते जाणवत नसतं. बाईंना वाटलं, आता ओरडावं. आणि ओरडलं तर तेही याच पानावर जाईल.

तेव्हा भाऊ खाकरला. इतका वेळ तो भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे बघत बसला होता.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “तिने मला चार वेळा सांगितलं होतं. मीच गेलो नाही. मी गेलो असतो तर हे काहीच झालं नसतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या ओळीखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. ती गिचमिड अक्षरात होती, बाईंना ती उलटीही वाचता आली नाही आणि सुलटीही आली नसती. जादा गोळी बंद करा, ते म्हणाले, हातांची थरथर कमी होईल.

बाहेर आल्यावर भावाचा चेहरा जरा सैल झाला होता. त्याने विचारलं, “झालं ना आता तुझ्या मनासारखं?”

“हे तेव्हा बोलायचं होतंस,” बाई म्हणाल्या. “आत्ता काय उपयोग?”

“मला भीती वाटली होती.”

“कसली?”

“तू परत तशी होशील म्हणून.”

“आणि ते मेले असते तर?”

भाऊ स्कूटर आणायला गेला. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे मास्क लावलेले लोक त्यांना वळसा घालून जात होते, जसे ते सगळ्यांनाच घालत होते. स्कूटर आली. रस्ता खड्ड्यांनी भरला होता म्हणून त्यांनी भावाच्या खांद्याला धरलं, पण घर येईपर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.